थोरल्याचा जुळा

कोठारात शिरलं की माणसाला झोप येते. हे या घराला तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे आणि त्यावर इलाज म्हणून तिथे एक खाट ठेवलेली आहे. वाळत पडलेल्या लाकडांच्या वासाने गुंगी येते, असं धाकटीचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं वेगळं. लाकडं झोपलेली असतात आणि झोप जांभईसारखीच असते, दुसऱ्याची बघून लागते. म्हणून कोठारात मोठ्याने बोलायचं नाही, हा पणजोबांच्या वेळचा नियम. घरातली सगळी मोठी भांडणं मात्र कोठारातच झाली, कारण अंगणात शेजारी ऐकतात. त्यामुळे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक कुजबुजत भांडत आले. काका घर सोडून गेले तेव्हा ते इतक्या हळू आवाजात तावातावाने बोलले की, ते कायमचे गेलेत हे अण्णांना दोन दिवसांनी कळलं.

त्या रविवारी थोरला येणार होता. आपला जुळा कापायला.

जुळ्यांची पद्धतही पणजोबांचीच. घरात मूल जन्मलं की त्याच आठवड्यात त्याच्या नावाने एक ओंडका कोठारात आणून आडवा घालायचा. झाड स्वतःहून पडलेलं हवं आणि चालत जाऊन जेवायच्या आत परत येता येईल इतक्याच अंतरावरचं हवं. मूल वाढतं, ओंडका वाळतो. एकविसाव्या वर्षी ज्याचा त्याने दोन मुठींच्या करवतीने पहिला काप घ्यायचा, मग त्यातून काय हवं ते कोरायचं. अण्णांनी आपल्या जुळ्यातून स्वतःलाच कोरलं होतं. तेव्हा ते मुळीच अण्णांसारखं दिसत नव्हतं आणि लोक हसले होते. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मात्र हुबेहूब दिसतं. लाकूड तसंच राहिलं, अण्णा त्याच्याकडे गेले. धाकटीने आपल्या जुळीतून एक बाई काढली, शिंकण्याच्या अगदी बेतात असलेली. ती दारापाशी उभी असते. मूर्ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिच्यापुढे थांबतं, वाट बघतं, आणि थोड्या वेळाने स्वतःच शिंकून आत येतं.

जसा जुळा तसं माणूस, असंही घरात बोललं जायचं. काकांच्या ओंडक्याला पीळ होता. काकांनी तीन लग्नं केली. आत्याचा गाठाळ होता. आत्याला आजवर कोणी काही पटवून देऊ शकलेलं नाही. सगळं आपलं थट्टेने. पण या घरात थट्टा जरा जपूनच ऐकावी लागते.

थोरल्याचा ओंडका तेवढा अजून तसाच होता. जुन्या अक्रोडाचा, आडवा पडूनही धाकटीच्या कमरेच्या वर येणारा, कोठारातला सगळ्यात जाड. थोरला अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. दातांचा डॉक्टर झाला, बाप झाला, त्याने नवीन घर बांधलं. आणि दर वेळी त्याने विचारलं की अण्णा एकच उत्तर द्यायचे.

"अजून ओला आहे."

*

अण्णा सहालाच कोठारात आले होते. खिडकीतून उजेडाची एक तिरपी पट्टी येते आणि तिच्यात लाकडाची धूळ तरंगत असते, कुठेही जायची घाई नसल्यासारखी. अण्णांनी ओंडक्याच्या एका टोकाला बोटाच्या पेराने ठोकलं. टक्. दुसऱ्या टोकाला ठोकलं. टक्. मग मधोमध.

मधोमध तो आवाज आला. रिकाम्या खोलीचं दार वाजवावं तसा. कोणीतरी आतून "येतो, येतो" म्हणेल आणि येणार मात्र नाही.

हा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा थोरला आठ दिवसांचा होता. झाडाची एक मोठी फांदी कधीकाळी मोडली असणार, तिथून पाणी शिरलं असणार आणि आतला गाभा हळूहळू गेला असणार. वरून जखम बुजलेली, दोन्ही टोकं भरीव. बघणाऱ्याला काही कळायचं कारण नाही. अण्णांना कळलं. तेव्हापासून त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, धाकटीला नाही, आणि ज्याचं होतं त्याला तर नाहीच.

आज तो करवत लावणार. दुपारपर्यंत त्याला दिसणार की आपला जुळा पोकळ आहे आणि बापाला ते माहीत होतं.

"तू तरी जरा धीर धर," अण्णा ओंडक्याला म्हणाले.

*

थोरला नऊला आला. मोजपट्टी घेऊन आला, हे आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिलं आणि चहात साखर जास्त टाकली. या घरात आणीबाणीच्या वेळी चहा गोड होतो.

"आई, सात फुटी टेबल करणार आहे," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "आठ माणसं बसतील. ओंडका मधोमध कापायचा, मग फळ्या काढायच्या. सुतार ठरवलाय, पण पहिला काप माझा."

"तुम्ही घरात तीन माणसं."

"लोक येतील ना."

"दातांच्या डॉक्टरकडे जेवायला कोण येतं? चावायचं कसं, म्हणून घाबरतील बिचारे."

तो हसला नाही. लहानपणीही ओठ आवळून असाच उभा राहायचा, करवत मागायला आला की. आईला सगळं ठाऊक होतं. आठव्या दिवशी ती त्याला छातीशी धरून कोठाराच्या दारात उभी होती. आत नवरा लाकडाला कान लावून बसलेला. त्याने एकाच जागी तीनदा ठोकलं आणि मग हलक्या हाताने थोपटलं. चांगल्या लाकडाला कोणी थोपटत नाही. ती आल्या पावली मागे फिरली आणि सांगेल आपणहून, म्हणून वाट बघत राहिली. अठ्ठेचाळीस वर्षं म्हणजे तशी फार नाहीत. या घरात लाकूड वाळायलाही वेळ लागतो.

*

धाकटीचा बेत सोपा होता. ओंडका स्वतःसाठी मागायचा आणि मिळेपर्यंत हट्ट सोडायचा नाही.

तिने चौदाव्या वर्षी, पटाशी नीट धरता यायला लागली त्याच महिन्यात, कोठारातलं एकूण एक लाकूड ठोकून पाहिलं होतं. दादाच्या ओंडक्यापाशी तिचा हात थांबला. तेव्हापासून ती दर वाढदिवसाला तोच मागायची. घरातल्यांना ती हावरट वाटायची. वाटू दे, असं तिने ठरवलं होतं.

"दादा," थोरला मोजपट्टी उलगडत असताना ती कुजबुजली, "हा मला दे ना. मला एक मोठी मूर्ती करायची आहे."

"कसली?"

हा प्रश्न येईल हे तिने धरलंच नव्हतं. "घोड्याची," ती म्हणाली. "बसलेल्या."

"घोडे बसत नाहीत."

"म्हणूनच करायची आहे."

"दे तिला," खाटेवरून अण्णा पटकन म्हणाले. "बसलेला घोडा म्हणजे चांगला विषय आहे."

थोरल्याने मोजपट्टी सोडली. ती सरसरत आत गेली आणि तेवढ्या आवाजानेही सगळे दचकले.

"वा," तो म्हणाला. कुजबुजतच, पण एकेक शब्द तासून. "म्हणजे ठरवून बसलाय तुम्ही. हिला एकविसाव्या वर्षी करवत दिलीत. वर पेढे देऊन माझ्याकडे माणूस पाठवलात. मला काय? अजून ओला आहे. परीक्षा झाली, ओला आहे. लग्न झालं, ओला आहे. अण्णा, अठ्ठेचाळीस वर्षांत तळं आटतं. मी काय मूर्ख आहे?"

"जाड लाकूड आहे," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

"सरळ सांगा ना, हातात करवत देण्यासारखा हा नाही. मला ते बाराव्या वर्षीच कळलं होतं. उगाच नाही मी दात धरले. तोंडात का होईना, कोणी कोरू तरी देतं."

धाकटीला आपला बेत डोळ्यांदेखत उलटा पडताना दिसत होता. दादाला वाचवायला गेली आणि अण्णांसकट त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिली. तिने तोंड उघडलं तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आत आली.

"त्याचा आहे," आई म्हणाली. "कापू दे त्याला."

कोठारात चहाची वाफ तेवढी हलत राहिली.

"अगं," अण्णा खाटेवरून वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला जे माहीत आहे ते."

"आणि मलाही," धाकटी हळूच म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर, आयुष्यभर एकट्याने डोक्यावर वाहून आणलेलं कपाट खाली ठेवताना त्याला आणखी दोन हमाल लागलेले दिसावेत, असा भाव होता.

"काय माहीत आहे?" थोरला म्हणाला. "कोणी मलाही सांगेल का? घोड्याबद्दल आहे का?"

आईने त्याच्या हातात कप दिला. "चहा पी आणि काप. कापलंस की कळेल."

*

दोन मुठींच्या करवतीला दोन माणसं लागतात. जुळ्याच्या पहिल्या कापाला दुसरी मूठ धरायची ती ओंडका आणला त्या दिवशी हजर असलेल्याने, असा रिवाज. म्हणजे अण्णांनी किंवा आईने. अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते आणि झोपेचं सोंग इतकं मनापासून घेत होते की अधूनमधून त्यांना खरीच डुलकी लागत होती.

आईने हात पुसले आणि मूठ धरली.

"आई, तू?"

"या घरातल्या पुरुषांना ओढत आणण्यात जन्म गेला. करवत त्या मानाने हलकी आहे."

पहिले सात हात तिने ओढले. मग दम लागला आणि धाकटीने मूठ घेतली. तिने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "दादा, दोन फूट सरकून घेऊया का? टोकाकडचं लाकूड जास्त छान असतं."

"मधोमध," थोरला म्हणाला.

करवत जाऊ लागली, येऊ लागली. आधी फिका, पिवळसर भुसा पडला. मग गडद तपकिरी, जड, कडवट वासाचा. आई खाचेत पाचर ठोकत होती, पातं अडकू नये म्हणून. उजेडाची पट्टी भिंतीवरून जमिनीवर उतरली. करवतीचा आवाज श्वासासारखा झाला होता, आणि कोठारातली सगळी लाकडं त्याच लयीत घोरतायत असं थोरल्याला वाटायला लागलं. त्याच्या तळहाताला दोन फोड आले होते. आपल्या दवाखान्यातल्या खुर्चीवर पाय पसरून पडावं तसं त्याला सुखाचं वाटत होतं. तिथे तो कधीच पडला नव्हता. ते सुख दुसऱ्यांसाठी होतं आणि त्यांनाही ते आवडत नसे.

साडेअकराच्या सुमाराला करवत हलकी झाली. भुसा पडायचा थांबला. त्याच्या जागी खाचेतून मऊ, कोरडी पूड सांडली, चहाच्या चुऱ्यासारखी, आणि जमिनीवर तिची छोटीशी टेकडी झाली.

"थांबलीस का गं?"

"मी नाही थांबले," धाकटी म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ओढ तू. पुढे परत लाकूड लागेल."

त्याने ओढलं. जिथे सगळ्यात जास्त जोर लागायला हवा होता तिथे काहीच लागत नव्हतं. त्याने ते पूर्ण कापलं, खालपर्यंत, कारण अर्ध्यात काम सोडायचं नाही हे त्याला कोणीही न शिकवता येत होतं. दोन्ही तुकडे कुरकुरले आणि एकमेकांपासून दोन-तीन हात सरकले.

आणि मग ते दिसलं. अक्रोडाच्या मधोमध माणसाचे खांदे मावतील एवढं अंधारं भोक.

आईने पाचरी गोळा करायला घेतल्या. धाकटी करवत पुसू लागली, जी पुसायची काही गरज नव्हती.

थोरल्याने खिशातली छोटी बॅटरी काढली. गुडघे टेकले, मान तिरकी केली, आत प्रकाश टाकला, आणि वीस वर्षांच्या सवयीने, पेशंटबरोबर आलेल्या माणसाला विचारावं तसं मागे न बघता विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"तू आठ दिवसांचा होतास तेव्हापासून," खाटेवरून अण्णा म्हणाले.

थोरल्याने बॅटरी बंद केली. बूट काढून शेजारीशेजारी नीट ठेवले. मग तो आधी डोकं, मग खांदे असं करत त्या भोकात शिरला आणि कमरेपर्यंत नाहीसा झाला. थोड्या वेळाने गुडघ्यापर्यंत.

*

घरच्यांना आता त्याच्या मोज्यांशी बोलावं लागत होतं.

"दादा, बाहेर ये."

"थांब जरा," मोजे म्हणाले.

आत थोरला पाठीवर वळला होता. त्याला रागवायचं होतं. त्यासाठीच तो आत आला होता, शांतपणे, मनासारखं रागावता यावं म्हणून. पण आडवं पडून रागावणं फार कठीण असतं. गादीपेक्षा मऊ अशी ती पूड पाठीखाली होती. हात फिरवला तर भिंती गुळगुळीत लागत होत्या, कोणीतरी गोल पटाशीने रोज थोडंथोडं काम केल्यासारख्या. उबदार होतं. इतकी वर्षं ही जागा त्याच्या नावाने रिकामी पडून होती आणि तो भाड्याच्या घरांत राहिला होता.

"अण्णा," त्याचा आवाज आतून भरदार, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा आला, "मला का नाही सांगितलंत?"

अण्णा खाटेवरून उठून बसले. "सांगणार होतो. त्याच दिवशी. पण तू झोपला होतास."

"मग?"

"मग तू उठलास आणि दातांचा डॉक्टर झालास."

"मधे थोडा वेळ गेला असेल."

"गेला थोडा," अण्णांनी मान्य केलं. ते ओंडक्यापाशी आले आणि मोज्यांशेजारी जमिनीवर बसले. "या घरातली तोंडं तुला माहीत आहेत. काकाच्या लाकडाला पीळ, तर जन्मभर त्याला पिळून काढला सगळ्यांनी. मी म्हटलं, याच्या नावाने असलं काही कोणाच्या कानावर नको. तू एकविसाचा झालास तेव्हा म्हटलं, आत्ता नको, या वयात पोराला आरशातलं तोंडही सहन होत नाही. तिसाव्या वर्षी म्हटलं, आता सांगू. तोवर मला न सांगायची सवय लागली होती."

"मला वाटायचं, मी लायक नाही."

"लाकूड नव्हतं रे. तू होतास."

आईने पाचरी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"मग दुसरं लाकूड का नाही ठेवलंत?" आवाज आला. "गुपचूप बदलायचं. कोणाला कळलं असतं?"

"गेलो होतो," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. नदीपलीकडे एक पडलं होतं. सरळ, भरीव, एक गाठ नाही. ठोकून पाहिलं. फार सुंदर वाजलं. मग परत आलो."

"का?"

"तुझं नव्हतं ते." अण्णांनी घसा साफ केला. "पोर नाजूक निघालं म्हणून कोणी शेजाऱ्याचं धडधाकट उचलून आणत नाही. आठ दिवस मी तुझ्या छातीला कान लावून बसायचो रात्रभर. आईला वाटायचं, मी कौतुक करतोय."

"मला तसं काही वाटायचं नाही," आई म्हणाली.

"मला वाटायचं तुला वाटतंय, ते तुला कधीच कसं वाटायचं नाही?"

"अहो, हळू बोला."

धाकटी वाकली. "दादा, टेबलाचं काय करायचं?"

"दुकानातून आणीन," थोरला आतून म्हणाला. मग जरा थांबून, "तू घोडा खरंच करणार होतीस?"

"नाही रे. मला घोडा येत नाही."

आतून एक आवाज आला. तो हसण्याचाच असावा, पण लाकडातून येताना इतका वळणं घेऊन आला की खात्री देता येत नव्हती. अण्णा मोज्यांकडे बघत बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पोकळीच्या बाहेरून शेकडो वेळा ठोकलं होतं. आत काय आहे, हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं.

"कसं आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. उबदार." थोरल्याने भिंतीवरून हात फिरवला असावा, खसखस ऐकू आली. "काम फार सफाईचं आहे, अण्णा. तुमच्यापेक्षा बरं."

अण्णांनी मान डोलावली. चष्मा काढून धाकटीच्या हातात दिला. चपला काढल्या, आणि गुडघे कुरकुर करत असतानाही ओणवे होऊन त्यांनी भोकाच्या काठाला हात लावला.

"सरक जरा."

"अण्णा, इथे दोघांना जागा नाही."

"आहे," अण्णा म्हणाले. "मला आवाजावरून माहीत आहे."

मग पूड हलल्याचा आवाज झाला आणि थोरला एका अंगाला सरकला.